जमिनीतून निघणारा धूर

आमच्या माणदेशातल्या घरी, ओसरीसमोरच्या अंगणात एक पेव होतं. जमिनीत खोल खणलेली धान्याची कोठी. तोंडावर दगडी झाकण, त्यावर माती लिंपलेली. वर्षातून एकदोनदा ते उघडलं जायचं, तेव्हा आजी आम्हा पोरांना लांब उभं करायची. आत कोंडलेली हवा आधी निघून जाऊ दे, मग माणूस उतरेल, नाहीतर जीव जायचा, असं सांगायची. ज्वारीचा तो उबट, दमट वास अजून माझ्या नाकात आहे. जमिनीच्या पोटात धान्य ठेवतात हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तिथं माणसं राहू शकतात, लेकरं वाढवू शकतात, शाळा भरवू शकतात आणि त्याला गाव म्हणू शकतात, हे मला अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये आल्यावर कळलं.

त्या गावाचं नाव निकोडेमस. राज्याच्या वायव्य भागात, ग्रॅहम काउंटीत, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ. आम्ही राहतो त्या विचिटाहून चार तासांवर. हेजपर्यंत मोठ्या महामार्गानं जायचं, मग उत्तरेला स्टॉक्टन आणि तिथून २४ नंबरच्या रस्त्यानं पश्चिमेला. दोन्ही बाजूंना गहू, नाहीतर नुसतं गवत. लक्ष नसेल तर गाडी गाव ओलांडून पुढं जाते. पहिल्यांदा माझंही तसंच झालं. मागं वळून यावं लागलं.

हे गाव वसवलं ते गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी. त्यातली बहुतेक केंटकी राज्यातली. तिथं गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८६५ च्या डिसेंबरात. निकोडेमसची पहिली वस्ती झाली १८७७ मध्ये. मधली वर्षं फक्त बारा. म्हणजे आलेल्यांपैकी तिशीतला कुणीही घ्या, तो वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत कुणाच्या तरी मालकीचा होता. मालकाच्या मालमत्तेच्या यादीत घोडे, बैल, भांडीकुंडी यांच्याबरोबर त्याचं नाव असायचं आणि नावापुढं किंमत. हे मी पुन्हा पुन्हा मनाशी घोळवते, कारण त्याशिवाय पुढचं काहीच नीट समजत नाही.

गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेत झालेल्या यादवी युद्धानंतर काही वर्षं दक्षिणेत केंद्राचं सैन्य होतं, नवे हक्क होते, कृष्णवर्णीय मतदार होते. १८७७ मध्ये ते सैन्य मागे घेतलं गेलं. जुने मालक पुन्हा डोक्यावर बसले. जमीन त्यांचीच, कर्ज त्यांचंच, रात्री दार ठोठावणारी माणसंही त्यांचीच. केंटकी युद्धात उत्तरेकडंच राहिलं होतं, पण तिथंही मुक्त झालेल्या माणसाच्या हातात जमीन आली नव्हती. आणि जमिनीशिवायचं स्वातंत्र्य किती दिवस टिकतं, हे ती माणसं रोज बघत होती.

१८७७ च्या एप्रिलमध्ये गाव वसवण्यासाठी निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक, डब्ल्यू. आर. हिल हा जमिनींचे व्यवहार करणारा गोरा माणूस, आणि आणखी काही जण. त्यांनी पत्रकं छापली. त्यातलं एक पत्रक केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये वाटलं गेलं. ज्या कुणा कृष्णवर्णीयाला कॅन्ससला जायचं असेल त्यानं ५ सप्टेंबर १८७७ ला निघावं, खर्च पाच डॉलर. वसाहतीला निघणाऱ्यांच्या मंडळाचा सभासद व्हायला एक डॉलर, आणि तोही पंचवीस पंचवीस सेंटच्या हप्त्यांनी भरला तरी चालेल. त्या पंचवीस सेंटपाशी मी दर वेळी थांबते. कुणाच्या घरी कपडे धुऊन, कुणाच्या तंबाखूच्या शेतात राबून चार वेळा पंचवीस सेंट बाजूला काढायचे, आणि त्यावर कधी न पाहिलेला मुलूख विकत घ्यायला निघायचं. गावी भिशीचे पैसे पदराच्या गाठीला बांधणाऱ्या बायका मी पाहिल्यात. पैसा त्या कशा मोजतात ते मला माहीत आहे.

दुसऱ्या पत्रकात जमिनीचं वर्णन होतं. काळी, कसदार माती, वाहतं पाणी, झरे, घरांसाठी सहज कापता येईल असा दगड, जळणापुरती झाडं. दगड खरोखर होता. गावातली चुनखडीची जुनी इमारत अजून उभी आहे. मातीही वाईट नव्हती. पण तो मुलूख शंभराव्या पश्चिम रेखावृत्ताला जवळजवळ टेकलेला. तिथं पाऊस साधारण वीस इंच, म्हणजे आमच्या माणदेशाइतकाच, आणि तोही लहरी. केंटकीच्या हिरव्या, झाडीच्या, ओल्या मुलखातून येणाऱ्या माणसाला पत्रकानं हे सांगितलं नव्हतं.

१८७८ च्या वसंतात विलियाना हिकमन आपल्या नवऱ्याबरोबर केंटकीतल्या जॉर्जटाउनहून निघाली. नवरा डॅनिअल धर्मोपदेशक होता, बरोबर त्याच्या चर्चची माणसं. रेल्वेनं कॅन्ससमधल्या एलिस गावापर्यंत आले. तिथं मुलांमध्ये गोवराची साथ पसरली, मुक्काम लांबला, काही लेकरं दगावली. त्यांना तिथंच पुरून पुढं निघावं लागलं. एलिसपासून निकोडेमस पन्नासेक किलोमीटर. रस्ता नाही. होकायंत्र, हरणांच्या आणि गव्यांच्या, म्हणजे इथल्या बायसनच्या, जुन्या पाऊलवाटा, आणि दोन दिवसांची चाल. तिनं म्हातारपणी सांगितलेली आठवण छापलेली आहे. पुरुष ओरडले, ते बघा निकोडेमस! ती आजारी होती, ऐकून तिला हायसं वाटलं. डोळे ताणून पाहिलं. काहीच दिसेना. कुठं आहे निकोडेमस, मला तर दिसत नाही, असं तिनं विचारलं. नवऱ्यानं बोट दाखवलं. माळावर ठिकठिकाणी जमिनीतून धूर निघत होता. ते निकोडेमस, तो म्हणाला. माणसं बिळांत राहत होती. आणि तिला रडू फुटलं.

मी लग्न होऊन आले ती जानेवारीत. बाहेर गुडघाभर बर्फ, आत गरम पाण्याचा नळ, भरलेला फ्रिज, आणि मी तीन दिवस रडत होते. माझं रडणं आणि तिचं रडणं एका तराजूत घालायचं नाही, एवढं मला समजतं. पण विलियानाची आठवण वाचली तेव्हा मला पहिल्यांदा या माळाशी माझं काही नातं आहे असं वाटलं. तोवर मी इथं नुसती राहत होते.

तिथल्या घरांना डगआउट म्हणतात. उताराची जागा बघायची, टेकाडाच्या पोटात आत खणत जायचं, समोरची बाजू दगडांनी किंवा गवताच्या ढेकळांनी बांधायची, वर फांद्या, गवत आणि माती. प्रेअरीच्या, म्हणजे इथल्या गवताळ माळाच्या, गवताची मुळं इतकी खोल आणि इतकी दाट असतात, की जमिनीची चकती कापली तर ती विटेसारखी धरून राहते. भिंतीतून माती झरत राहायची. पाऊस आला की छत गळायचं. पण हिवाळ्यात जमीन ऊब धरते आणि उन्हाळ्यात गारवा. पेवातल्या धान्यासाठी आपल्या लोकांनी जे हेरलं होतं तेच हे. जळणाला लाकूड फारसं नव्हतं, म्हणून नदीकाठचं वाळुंज, सूर्यफुलाची वाळलेली ताटं आणि गव्यांचं वाळलेलं शेण. गोवऱ्यांवर भाकरी भाजलेल्या घरातल्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही. तो धूर कसा वर चढतो, कपड्यांना त्याचा कसा वास लागतो, हे मला माहीत आहे. विलियानानं पाहिलेला धूर तोच असणार.

१८७७ च्या सप्टेंबरात तीनशेच्या आसपास माणसं पहिल्या मोठ्या जथ्यात आली. पेरणीचा हंगाम उलटून गेलेला. समोरचं दृश्य बघून काही कुटुंबं लगेच माघारी फिरली. हिलवर लोक इतके संतापले, की त्याला जीव वाचवायला लपावं लागलं असं सांगतात. मला त्या रागाची पूर्ण बाजू घ्यावीशी वाटते. पत्रकात जे छापलं त्याला कुणीतरी जबाबदार असायलाच हवं.

जे राहिले त्यांनी तो हिवाळा कसा काढला, त्याची एक गोष्ट गावात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी आपल्याजवळचं अन्न त्यांना दिलं. माणसं मदत मागायला पूर्व कॅन्ससपर्यंतही गेली आणि धान्य, कपडे घेऊन आली. पण ओसेजांची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. सरकारनं मोकळी म्हणून वाटलेली ही जमीन मुळात मोकळी नव्हतीच. इथं शायान, पॉनी, कॉ, ओसेज वावरत होते. करार करून, हटवून, गवे मारून तो माळ रिकामा केला गेला होता. १८७८ च्या सप्टेंबरात उत्तरेकडचे शायान आपल्या मुलखात परत जायला निघाले, ते याच पश्चिम कॅन्ससमधून, सैन्याला चुकवत. एकांचं घर हिसकावून मोकळी केलेली जागा दुसऱ्या घर नसलेल्यांना मिळाली. त्यात निकोडेमसच्या माणसांचा दोष नाही. पण ही गोष्ट सांगताना ते वगळणं मला बरोबर वाटत नाही.

१८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर मिळायचे. थोडी फी भरायची, पाच वर्षं तिथं राहून जमीन कसायची, की ती नावावर. १८६८ च्या घटनादुरुस्तीनं कृष्णवर्णीय नागरिक ठरले, त्यामुळं त्यांचाही हक्क निर्विवाद झाला. सातबाऱ्यावर नाव लागणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणालाही सांगायची गरज नाही. माझ्या आजोबांनी कुळकायद्यात मिळालेल्या तुकड्याचा उतारा आयुष्यभर ट्रंकेत, धोतराच्या घडीत जपला. आता कल्पना करा, ज्याचं स्वतःचं नाव दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत होतं, त्याचं नाव जमिनीच्या कागदावर मालक म्हणून लागतं. इतका मोठा पालट एका आयुष्यात व्हावा, त्यासाठी बिळात राहणं, कुदळीनं माळ फोडणं हे सगळं त्यांनी सोसलं. आणि कुदळ हा शब्द मी सजावटीला वापरत नाही. पहिल्या वसंतात गावात घोडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. नांगर ओढायला काही नव्हतं. शेकडो वर्षांच्या मुळांनी विणलेली ती जमीन माणसांनी कुदळ-फावड्यानं हातभर हातभर उकरली.

जेनी फ्लेचर ही गावातली पहिली शिक्षिका, स्मिथ यांची मुलगी. तिची शाळा सुरू झाली ती डगआउटात. तिचा नवरा झॅकरी यानं पुढं दगडी हॉटेल बांधलं, सेंट फ्रान्सिस नावाचं. जेनीबद्दल वाचताना माझं मन दर वेळी पुण्याकडं धावतं, आणि ते उगाच नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा, अशी इच्छा त्यात लिहिली. पुण्यात बसून एका माणसानं या मुलखाकडं इतक्या आशेनं पाहिलं होतं. आणि ज्या एप्रिलमध्ये टाउन कंपनी स्थापन झाली, त्याच एप्रिलमध्ये सावित्रीबाई जुन्नरजवळच्या ओतूरहून जोतीरावांना दुष्काळाचं पत्र लिहीत होत्या. निकोडेमसच्या लोकांना त्यांची नावं माहीत असण्याचं कारण नाही. अर्पणपत्रिका मुक्त करणाऱ्यांना होती. मुक्त झालेल्यांनी त्या मुक्तीचं पुढं काय केलं, याचं उत्तर मला या माळावर सापडलं, आणि ते जोतीरावांना सांगावंसं वाटतं.

कारण त्यांनी खरोखर गाव उभं केलं. दहा वर्षांत. बिळांतून माणसं वर आली, ढेकळांची घरं झाली, मग दगडाची आणि लाकडाची. चर्चं झाली, दुकानं, औषधांचं दुकान, बँक, हॉटेल. १८८६ मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ नावाचं वर्तमानपत्र निघालं, पुढच्याच वर्षी ‘निकोडेमस एंटरप्राइज’. वाङ्मय मंडळ होतं, बेसबॉलचा संघ होता. गोरे दुकानदारही येऊन राहिले. १८७८ मध्ये आलेला एडविन मॅकेब नावाचा तरुण आधी काउंटीचा क्लार्क झाला, आणि १८८२ मध्ये अख्ख्या राज्यातून मतं घेऊन कॅन्ससचा ऑडिटर म्हणून निवडून आला. १८८४ मध्ये पुन्हा. राज्याच्या तिजोरीचा हिशेब कृष्णवर्णीय माणसाच्या हाती, आणि तोही या बिळांच्या गावातून गेलेला.

त्या गावाला एकच गोष्ट कमी होती. रेल्वे.

शेतकऱ्याच्या घरातला कुणीही हे चटकन समजेल. गहू पिकवणं हा अर्धाच भाग. तो बाजारात नेणं हा दुसरा. स्टेशन एका दिवसाच्या गाडीवाटेवर असेल तर भाव हातात पडतो. दोन दिवसांच्या वाटेवर असेल तर बैलांच्या वैरणीत आणि वेळेत निम्मा जातो. लाकूड, कोळसा, यंत्रं, टपाल, नवी माणसं, सगळं रुळांवरून येणार. मनमाड, भुसावळ, कुर्डुवाडी ही आपल्याकडची गावं रुळांनी मोठी झाली. तिथं प्रेअरीवर तर गाव जगणार की मरणार हेच रूळ ठरवत. निकोडेमसच्या लोकांनी १८८७ मध्ये मतदान करून मिसूरी पॅसिफिक कंपनीसाठी सोळा हजार डॉलरचे रोखे मंजूर केले. दहा वर्षांपूर्वी पंचवीस सेंटचे हप्ते भरणाऱ्या माणसांनी सोळा हजार डॉलर कबूल केले. वर्तमानपत्रांनी आशेनं रकाने भरले. मिसूरी पॅसिफिक आली नाही. दुसरी कंपनी, युनियन पॅसिफिक, आली, पण १८८८ मध्ये तिनं रूळ टाकले ते नदीच्या दक्षिणेला, निकोडेमसपासून काही मैलांवरून. तिथं कामगारांची छावणी पडली, छावणीचं गाव झालं, त्याचं नाव बोग.

काही मैल. माझ्या गावाहून म्हसवड त्याहून लांब आहे. पण तेवढं पुरलं. दुकानदारांनी नदीपलीकडं बस्तान हलवलं. वर्तमानपत्रं बंद पडली. मॅकेबही पुढं ओक्लाहोमाकडं गेला आणि तिथं लँग्स्टन हे आणखी एक गाव वसवलं. मला अजूनही त्या रुळांचा राग येतो. एखाद्या नकाशावर कुणीतरी रेघ ओढताना बोट जरा खाली सरकलं असेल, आणि एवढ्या माणसांच्या दहा वर्षांच्या घामावर पाणी पडलं.

पण गाव मेलं नाही. शेतकरी राहिले. १९१८ मध्ये शाळेची नवी इमारत झाली. तिसाच्या दशकात धुळीची वादळं आली, पिकं करपली, बरेच जण डेन्व्हर, टोपेका, कॅलिफोर्नियाकडं गेले. त्या सगळ्यातसुद्धा १९३९ मध्ये सरकारी रोजगार योजनेतून दगडी टाउनशिप हॉल उभा राहिला. ग्रॅहम काउंटीच्या चुनखडीचा. पोस्ट १९५३ मध्ये बंद झालं. १९९६ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आज तिथं कायम राहणारी माणसं मूठभर आहेत.

आणि तरी दर वर्षी जुलैच्या शेवटी गाव भरतं. १ ऑगस्ट १८३४ ला ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीजमधली गुलामगिरी कायद्यानं संपली. त्या दिवसाचा उत्सव निकोडेमस अगदी सुरुवातीपासून करत आलंय. पांगलेल्या घराण्यांची नातवंडं-पतवंडं तेव्हा परत येतात. आमच्याकडं चैत्रात यात्रेला मुंबईचे गिरणीवाले यायचे, तसेच. एरवी कुलूप असलेल्या घरांसमोर गाड्या लागतात, अंगणात मोठ्या भांड्यांत रटरट शिजतं, म्हातारी माणसं खुर्च्या टाकून सावलीत बसतात आणि कोण कुणाचं हे एकमेकांना विचारतात. आमच्या पारावर चालतात तशा त्याच चौकश्या. तू कुणाची गं? तुझी आजी कोण?

काही वर्षांपूर्वी मी त्या दिवसांत गेले होते. टाउनशिप हॉलच्या पायऱ्यांवर एक आजी बसल्या होत्या, नव्वदीच्या आसपास. डोक्यावर पांढरी टोपी, हातात कागदी पंखा. मी भारतातून आलेली, हे कळल्यावर त्यांनी आधी माझ्या गावाचं नाव विचारलं. देशाचं नाही, शहराचं नाही, गावाचं. मी सांगितलं. तिथं आता किती जण उरलेत, असं त्यांनी विचारलं. बरेच आहेत, म्हटलं, पण आमच्या वाड्यात कुणी नाही. त्यांनी मान हलवली आणि माझा हात धरून उठल्या. हॉलच्या कोपऱ्यापर्यंत आम्ही सावकाश चालत गेलो. पुढं नुसतं गवत होतं, कमरेएवढं, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं. त्यांनी पंखा बंद केला आणि त्यानं दाखवायला सुरुवात केली. तिथं आजोबांचं घर. त्याच्या पलीकडं विहीर. तो उंचवटा दिसतो ना, तिथं आधीचं, जमिनीतलं.

मला काहीच दिसत नव्हतं. मी त्या पंख्याच्या टोकाकडं बघत राहिले, आणि त्या पुढच्या घराकडं वळल्या.